हॉकीपटूंच्या विजयाच्या वस्तू घेताना: छोटा स्टॅन्ली कप, अंगठी आणि जर्सी तपासण्याचा क्रम

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगच्या (बर्फावरच्या हॉकीच्या) खेळाडूंच्या वस्तू घेणारे बहुतेक नवे संग्राहक एकाच जागी फसतात. आधी बोली लावतात, पैसे भरतात आणि वस्तू घरी आल्यावर चौकशी सुरू करतात. तोवर परत करण्याची मुदत संपलेली असते. खाली दिलेला क्रम उलटा आहे: वस्तूची सगळी तपासणी आधी, पैसे शेवटी. कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्यांना तो जसाच्या तसा लागू पडेल. वस्तू भारतात आणणाऱ्यांसाठी जास्तीच्या दोन पायऱ्या नवव्या आणि दहाव्या टप्प्यात आहेत.

१. बाजारात काय येऊ शकतं आणि काय कधीच येत नाही

लीगच्या विजेतेपदाचा मूळ स्टॅन्ली कप विकत मिळत नाही. १८९२ चं मूळ भांडं आणि नंतर बनवलेली कायमस्वरूपी प्रत टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेमकडे आहे. मैदानात खेळाडू उंचावतात तो कपही त्याच संस्थेच्या ताब्यात असतो. तो सुमारे ८९.५ सेंटीमीटर उंच आणि साडेपंधरा किलो वजनाचा आहे. त्याच्या पिंपासारख्या खालच्या भागावरचा, विजेत्यांची नावं कोरलेला कडा भरला की जुना कडा काढून हॉलमध्ये ठेवतात, त्यामुळे 'कपावरचा सुटा कडा' विकायला आलाय असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. हार्ट, व्हेझिना, नॉरिस, कॉन स्मिथ अशा व्यक्तिगत पुरस्कारांचे मूळ चषकही खेळाडूला कायमचे मिळत नाहीत. त्याच्याकडे राहते ती छोटी प्रतिकृती.

खेळाडूच्या घरातून खरोखर बाहेर पडणाऱ्या वस्तू म्हणजे विजेतेपदाची अंगठी, छोटा कप, व्यक्तिगत पुरस्काराची प्रतिकृती, वापरलेली जर्सी, हातमोजे, स्टिक, पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती), ड्रेसिंग रूममधली नावाची पट्टी आणि संघाचं सही केलेलं छायाचित्र. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे खेळाडू जाँ बेलिव्हो यांनी २००५ मध्ये आपला मोठा संग्रह क्वेबेकमधल्या क्लासिक ऑक्शन्समार्फत विकला. खेळाडू स्वतः विकतो तेव्हा मालकीची साखळी एका कडीची असते. तुम्हाला शोधायची आहे ती अशीच आखूड साखळी.

इशारा: 'खेळाडूच्या नातेवाइकाच्या मित्राकडून' अशी सुरुवात असेल तर मधल्या प्रत्येक माणसाचं लेखी पत्र मागा. एक कडी जरी तोंडी असली तरी ती वस्तू कागदपत्रांविना आलेली समजा आणि त्याच भावात तोला.

२. आवाका लहान ठेवा

'हॉकीचं सगळं' गोळा करायला निघालात तर कशातच पारंगत होणार नाही. एक संघ, एक दशक आणि दोन प्रकारच्या वस्तू एवढं पुरेसं आहे, उदाहरणार्थ १९८० च्या दशकातला एडमंटन ऑइलर्स, जर्सी आणि स्टिक. त्या दहा वर्षांत कापड कुणाचं, अक्षरं कशी शिवलेली, खांद्यावर कोणती पट्टी, स्टिक लाकडी की अ‍ॅल्युमिनियमची, हे पाठ झालं की खोटी वस्तू छायाचित्रातच खटकते.

३. नमुन्यांची वही तयार करा

पहिली खरेदी करण्याआधी किमान महिनाभर हे काम करा. यालाच सगळ्यात जास्त लोक फाटा देतात.

प्रत्येक वस्तूप्रकारासाठी, ज्यांच्या अस्सलपणाबद्दल वाद नाही अशा पाच-सहा वस्तूंची स्पष्ट छायाचित्रं जमवा. मोठ्या लिलावसंस्थांच्या जुन्या सूच्या, संग्रहालयांची पानं आणि संघांनी स्वतः विकलेल्या वस्तू हे चांगले स्रोत आहेत. गळ्यामागचं लेबल, आकड्यांची शिवण, अंगठीच्या आतली बाजू, चषकाचा तळ, स्टिकची मूठ ही सगळी अंगं वेगवेगळी जतन करा. सोबत विकल्याची तारीख आणि भाव लिहा. मागितलेला भाव लिहू नका, प्रत्यक्ष मिळालेलाच लिहा.

४. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न, याच क्रमाने

(अ) ही वस्तू तुमच्याकडे कोणाकडून आणि कोणत्या वर्षी आली?
(आ) त्याचा कागद आहे का? पावती, खेळाडूचं पत्र, संघाचा दाखला, जुनी लिलावसूची, यापैकी काय?
(इ) ही वस्तू खेळात वापरलेली आहे, खेळाडूसाठी बनवलेली पण न वापरलेली आहे, की दुकानात विकली गेलेली आहे?
(ई) दुरुस्ती, पुन्हा शिवलेली अक्षरं, मुलामा, पॉलिश यापैकी काही झालंय का?
(उ) परत घेणार का, किती दिवसांत, आणि कोणत्या कारणासाठी?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात यायला हवं. बाजारात 'गेम-वॉर्न', 'गेम-इश्यूड' आणि 'ऑथेंटिक' हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि नुकसान तिथेच होतं. 'गेम-वॉर्न' म्हणजे सामन्यात अंगावर घातलेली. 'गेम-इश्यूड' म्हणजे खेळाडूच्या मापाने तयार करून संघाला दिलेली, पण बहुधा हँगरवरच राहिलेली. 'ऑथेंटिक' हा तर दुकानातल्या महागड्या जर्सीचा प्रकार आहे. तिघींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तपासणी: उत्तरं लेखी मिळाली का? फोनवर ऐकलेलं वर्णन वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

५. छोटा कप आणि पुरस्काराची प्रतिकृती

विजेत्या खेळाडूंसाठी बनवलेला छोटा स्टॅन्ली कप साधारण १३ इंचांचा असतो. त्याच आकाराच्या आसपास दुकानात विकलेले आणि जाहिरातीत वाटलेले प्लास्टिकचे, राळेचे कपही असंख्य आहेत. फरक असा शोधा:

वजन आणि आवाज. राळेचा कप नखाने वाजवला की बद्द आवाज येतो. धातूचा पोकळ भाग घणघणतो.

जोड. धातूच्या कपात कडे, मान आणि वाडगा वेगवेगळे करून जोडलेले असतात. साच्यात एकसंध ओतलेल्या कपावर दोन्ही बाजूंनी उभी बारीक रेघ उतरलेली दिसते.

कोरीव अक्षरं. भिंगाखाली हाताने किंवा यंत्राने कोरलेल्या अक्षराच्या कडा धारदार असतात आणि तळाशी हत्याराची रेघ दिसते. ओतलेल्या अक्षराच्या कडा गोलसर असतात.

नाव आणि वर्ष. खेळाडू त्या वर्षी त्या संघात होता का, एवढंच पाहून थांबू नका. सध्याच्या नियमाप्रमाणे कपावर नाव येण्यासाठी खेळाडूने नियमित हंगामातले किमान ४१ सामने किंवा अंतिम फेरीतला एक सामना खेळलेला असावा लागतो. संघाने खास विनंती केली तर अपवाद होतो. मात्र ज्याचं नाव मोठ्या कपावर नाही, अशा खेळाडूला आणि कर्मचाऱ्यालाही क्लब अंगठी किंवा छोटा कप देऊ शकतो. म्हणजे नाव नसणं हा खोटेपणाचा पुरावा नाही, फक्त आणखी एक कागद मागण्याचं कारण आहे.

इशारा: चषक चकचकीत करून मागू नका. चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासायची पावडर एकदा जरी लावली तरी मुलामा पातळ होतो आणि कोरलेल्या रेषा बोथट होतात. काळपटपणा वयाचा पुरावा असतो, तो राहू द्या.

६. अंगठी

सगळ्यात जास्त खोटेपणा अंगठ्यांत आहे. बाजारात पाच प्रकार फिरतात: खेळाडूची, कर्मचाऱ्याची, कारखान्याने विक्रेत्यांना दाखवण्यासाठी बनवलेला नमुना, सामन्याला आलेल्या प्रेक्षकांना वाटलेली हलक्या धातूची, आणि सरळसरळ बनावट. पहिले चारही अस्सल म्हणून विकता येतात, पण ती कोणाची हे सांगितलं पाहिजे. कर्मचाऱ्यांच्या अंगठ्यांत अनेकदा हिऱ्यांऐवजी कृत्रिम खडे आणि कमी सोनं असतं, कारण क्लब हुद्द्याप्रमाणे दोन-तीन दर्जे करतात.

तपासणीचा क्रम:

आतली बाजू. कॅरेटचा शिक्का १० किंवा १४, आणि बनवणाऱ्याचं चिन्ह. शिक्का सहज मारता येतो, म्हणून ही फक्त सुरुवात.

माप. खेळाडूचं बोट जाड असतं. बाकी अंगठी त्याच्या नावाची, पण माप नाजूक असेल तर ती पत्नीसाठी बनवलेली किंवा नमुन्याची असू शकते. माप बदललं असेल तर मागच्या बाजूला डाकाची रेघ दिसते.

घनता. आधी हवेत तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि अंगठी दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर वाढलेला आकडा म्हणजे सारलेल्या पाण्याचं वजन. हवेतलं वजन त्याने भागा. ४० ग्रॅमच्या अंगठीने ३.२ ग्रॅम पाणी सारलं तर उत्तर १२.५. चौदा कॅरेट सोनं साधारण १३ च्या आसपास येतं, दहा कॅरेट साडेअकराच्या आसपास. पितळ साडेआठ, जस्ताचा मिश्रधातू सात. खड्यांमुळे उत्तर खाली येतं, त्यामुळे खडे भरपूर असतील तर ११ लाही घाबरू नका. पण ७ आलं तर विषय संपला.

यंत्र. सराफाकडच्या कॅरेट मोजण्याच्या यंत्रावर दोन ठिकाणी तपासा, माथ्यावर आणि दांडीवर. कसोटीवर मात्र घासू देऊ नका. तो ओरखडा कायमचा राहतो आणि किंमत पडते.

इतिहासातले खाचखळगेही ध्यानात ठेवा. प्रत्येक क्लबने प्रत्येक विजयाला नवी अंगठी दिली असं नाही. टोरांटो मेपल लीफ्सने लागोपाठच्या विजयांनंतर खेळाडूंच्या आधीच्याच अंगठीत मोठा हिरा बसवून दिला. त्यामुळे त्या काळातल्या एकाच खेळाडूच्या वर्षावर्षाच्या सुट्या अंगठ्या कुणी दाखवल्या, तर प्रत्येकीचा वेगळा कागद हवाच.

७. जर्सी: इथे वेळ घाला

आधी काळ जुळवा. साठच्या दशकापर्यंत लोकर आणि नंतर ड्युरीन नावाचं कापड, सत्तरीच्या अखेरीपासून जाळीदार कापड, त्यानंतर अल्ट्राफिल नावाचं जाड कापड. बनवणारी कंपनी २००७-०८ पासून रिबॉक ('एज' ही जर्सी), २०१७-१८ पासून आदिदास आणि २०२४-२५ पासून फॅनॅटिक्स. १९७०-७१ ते २००२-०३ या काळात घरचा संघ पांढऱ्या जर्सीत खेळत असे. २००३-०४ पासून घरी गडद आणि बाहेर पांढरी. १९८४ मधली 'घरच्या मैदानावरची गडद जर्सी' असं वर्णन आलं तर चूक वर्णनात आहे की वस्तूत, हे आधी ठरवा.

मग बांधणी पाहा. पाठीच्या आत खालच्या बाजूला जर्सी पँटला अडकवण्याचा पट्टा असतो, मारामारीत ती डोक्यावरून ओढली जाऊ नये म्हणून. तो खरोखर वापरलेला असेल तर बटणाभोवती ताण, सैल टाके आणि घामाचे डाग दिसतात. महागड्या दुकानी जर्सीलाही हाच पट्टा असतो, म्हणून केवळ पट्टा पाहून भुलू नका. आदिदासच्या काळात मैदानातल्या जर्सी क्वेबेकमधल्या सेंट-हियासिंथ इथे शिवल्या जात आणि दुकानातल्या बहुतेक इंडोनेशियात. तरी 'मेड इन कॅनडा' लेबलही पुरावा नव्हे, कारण तशा जर्सी चाहत्यांनाही विकल्या गेल्या.

वापराच्या खुणा कुठे आहेत हे महत्त्वाचं. बाह्यांवर पकचे काळे ठसे, कोपरावर मैदानाभोवतीच्या फळीचा रंग, कमरेशी स्टिकच्या टेपचे चरे, आणि या खुणांवर संघाच्या शिंप्याने घातलेले रफू. बनावट खुणा सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतात. खऱ्या खुणा खेळाडूच्या सवयीप्रमाणे पडतात. वेन ग्रेट्झ्की जर्सीची उजवी बाजू पँटमध्ये खोचत असे. त्याच्या नावाच्या जर्सीत उजवा आणि डावा घेर हुबेहूब सारखा झिजलेला दिसला, तर विक्रेत्याकडून समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता छायाचित्राशी जुळवणी, म्हणजे फोटोमॅच. पद्धत अशी:

१) त्या हंगामातली मोठ्या आकाराची सामन्याची छायाचित्रं मिळवा. छायाचित्रसंस्थांच्या संग्रहात तारीख दिलेली असते.
२) जाळीदार कापडावर आकड्याची किंवा चिन्हाची कड कोणत्या छिद्रातून जाते ते मोजा. शिवणारा हात दोनदा नेमक्या त्याच छिद्रावर सुई उतरवत नाही. ही खूण बोटाच्या ठशासारखी असते.
३) नावाच्या पट्टीवर पहिलं आणि शेवटचं अक्षर कडेपासून किती लांब आहे, कोणतं अक्षर तिरकं आहे ते पाहा.
४) मग रफू आणि ओरखडे. हे हंगामाच्या पुढच्या भागात वाढतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या छायाचित्रात नसलेली खूण एप्रिलमध्ये असू शकते. उलट मात्र चालत नाही: ऑक्टोबरमध्ये दिसलेला रफू एप्रिलच्या जर्सीतून नाहीसा होत नाही.
५) किमान तीन वेगळ्या खुणा जुळल्याशिवाय 'जुळली' म्हणू नका.

अंतिम फेरीचं बोधचिन्ह छातीवर असेल, तर ते भोवतीच्या कापडापेक्षा नवं दिसणं स्वाभाविक आहे, कारण बऱ्याचदा ते आधीपासून वापरात असलेल्या जर्सीवर अंतिम फेरीपूर्वी लावलं जातं. त्याखाली दुसऱ्याच शिवणीची जुनी भोकं दिसली तर मात्र विचारा. तसंच नावाच्या पट्टीखाली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत क्लब वापरलेल्या जर्सी सराव शिबिरात किंवा खालच्या लीगमधल्या संघाकडे पाठवत, नाव उसवून दुसऱ्याचं शिवत. नंतर कुणीतरी पुन्हा मूळ नाव शिवतो. अशी 'पुनर्स्थापित' जर्सी घ्यायला हरकत नाही, पण ती तशी सांगून आणि त्या भावात.

कागदांत संघाचा किंवा लीगच्या अधिकृत कार्यक्रमाचा दाखला सगळ्यात वर. वापरलेल्या जर्सी विकणाऱ्या मेग्रे या न्यू जर्सीतल्या संस्थेच्या जर्सींवर क्रमांकाचं लेबल शिवलेलं असतं. तो क्रमांक संस्थेच्या नोंदीत स्वतः शोधा, विक्रेत्याने पाठवलेल्या चित्रावर विसंबू नका. फोटोमॅच नाही आणि संघाचा कागदही नाही, अशा जर्सीला आमच्या मते न वापरलेल्या जर्सीपेक्षा एक डॉलरही जास्त देऊ नये, प्रमाणपत्र कितीही देखणं असो.

मालकीची साखळी आणि खुणा दोन्ही जुळल्या की भाव कुठे जातो याचं उदाहरण म्हणजे कॅनडाचा खेळाडू पॉल हेंडरसनची १९७२ च्या कॅनडा-सोव्हिएत मालिकेतली जर्सी. सामन्यानंतर त्याने ती संघाच्या ट्रेनरला दिली होती. २०१० मध्ये ती साडेबारा लाख डॉलरांच्या वर गेली.

८. स्टिक, पक आणि सही

स्टिकवर खेळाडूचं नाव कारखान्यातच छापलेलं असतं, पण त्याच नावाच्या डझनावारी स्टिक बनतात. वापर ओळखायचा तो पात्याच्या टाचेवरची झीज, टेपवरचे पकचे काळे गोल आणि दांड्यावरच्या इतर स्टिकच्या रंगांवरून. मुठीवरचा टेप गुंडाळण्याची पद्धत खेळाडूगणिक ठरलेली असते, ती छायाचित्राशी ताडा. टेप कधीही काढू नका.

पक ३ इंच व्यासाचा, १ इंच जाडीचा आणि १५६ ते १७० ग्रॅमचा असतो. वजन या मर्यादेबाहेर गेलं तर तो सामन्याचा नाही. एरवी 'याच पकने गोल झाला' हे फक्त त्या वेळच्या लेबलावरून किंवा संघाच्या दाखल्यावरून कळतं. पक नुसता पाहून ते सिद्ध होत नाही.

सहीबद्दल थोडक्यात: पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या संस्थांच्या लेबलाचा क्रमांक त्यांच्या नोंदीत शोधा आणि नोंदीतलं वर्णन समोरच्या वस्तूशी जुळतं का पाहा. खरं लेबल खोट्या वस्तूवर चिकटवण्याचे प्रकार होतात. शिवाय सहीचा दाखला सहीपुरताच असतो. सही खरी निघाली म्हणून जर्सी वापरलेली ठरत नाही. ही गल्लत रोज होते.

९. बोली लावण्याआधी पूर्ण हिशेब

समजा बोली १००० डॉलरला थांबली. लिलावसंस्था बोलीवर खरेदीदाराकडून घेते ते शुल्क २० टक्के धरलं तर १२००. वस्तू ऑन्टारिओत पोचवायची तर त्यावर १३ टक्के कर, म्हणजे १३५६. वर विमा आणि पाठवणी. म्हणजे खिशात १३५० असतील तर बोली ९०० च्या पुढे नेऊ नका.

भारतात आणायची तर त्या आठवड्यातला सीमाशुल्काचा दर कुरिअर कंपनीकडून लेखी घ्या आणि तोही मिळवा. पैसे बँकेमार्फत उदारीकृत परदेश-पाठवणी योजनेतून जातात. त्याची पावती जपा, मूल्याचा पुरावा तीच. जुन्या वस्तूंसाठी आणखी एक चौकशी: ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि निर्माता हयात नसलेल्या काही वस्तू कॅनडाबाहेर नेण्यासाठी सांस्कृतिक वारसा कायद्याचा परवाना लागू शकतो. ते विक्रेत्याने पाहायचं आहे, पण विचारायचं तुम्ही.

इशारा: कमी मूल्य लिहून किंवा 'भेटवस्तू' म्हणून पाठवायला सांगू नका. पार्सल हरवलं तर विमा त्याच लिहिलेल्या आकड्याचा मिळेल.

१०. पाठवणी आणि उघडणी

स्टिकचं पातं फूटभर लांब असल्यामुळे ती नळीत मावत नाही. लांब खोका, आत आधाराला लाकडी पट्टी आणि पात्याभोवती जाड फेस सांगा. जर्सी आम्लरहित कागदासोबत गुंडाळून यावी, चिन्हावर घडी नको. कुरिअरने येणाऱ्या पार्सलला केवायसी लागते. ती आधीच भरून ठेवा, नाहीतर पार्सल आठवडाभर दमट गोदामात पडतं.

उघडताना सलग चित्रीकरण करा: आधी पत्त्याचं लेबल, मग टेप, मग वस्तू. नंतर विक्रीच्या छायाचित्रातल्या तीन ठळक खुणा समोरच्या वस्तूवर शोधा. त्या जुळल्या नाहीत तर त्याच दिवशी लेखी कळवा.

११. नोंद आणि जपणूक

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. एका पानावर घेतल्याची तारीख, कोणाकडून, किती, कागदांची यादी, फोटोमॅचची चित्रं आणि दोष. प्रमाणपत्रं वस्तूजवळ ठेवू नका, वेगळ्या कपाटात ठेवा. पाणी शिरलं तर दोन्ही एकदम जाऊ नयेत.

जर्सी धुवायची नाही. घाम आणि काळे ठसे गेले की फोटोमॅचच्या खुणाही जातात. हँगरवर लटकवली तर आकड्यांच्या वजनाने जाळी ताणते, म्हणून आडवी, घडीत कागदाच्या गुंडाळ्या भरून ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको. लाकडी स्टिक भिंतीला तिरकी टेकवली की वाकते, तिला तीन ठिकाणी आधार देऊन आडवी ठेवा. पक रंगवलेल्या फळीवर किंवा रेक्झिनवर थेट ठेवू नका, रबर डाग सोडतं. सही केलेल्या वस्तूवर ऊन आणि ट्यूबलाइटचा थेट उजेड नको.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखायची असते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे आपोआप होत नाही. बंद पेटीत सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक आणि दर पंधरवड्याला जेल वाळवणं, एवढं तरी हवं. काचेच्या बंद चौकटीत लावलेल्या जर्सीला पावसाळ्यात पहिली बुरशी काखेत आणि गळपट्टीच्या आत लागते. तिथेच आधी पाहा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळ्या वस्तू सावलीत एक दिवस उघड्या ठेवा आणि नव्याने छायाचित्रं काढून त्याच पानाला जोडा.